आवरलेला हात

माणूस गेला की आपण त्याने काय काय केले ते आठवतो. त्याने घर बांधले, विहीर खणली, मुलांना शिकवले, गावच्या चर्चसाठी वर्गणी गोळा केली. प्रार्थनासभेत ह्याच गोष्टी सांगितल्या जातात. त्याला काय घेता आले असते आणि त्याने घेतले नाही, काय मोडता आले असते आणि त्याने मोडले नाही, ह्याची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. ठेवणार तरी कशी? न घडलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो. तरीही ह्या न घडलेल्या गोष्टींवरच जगातले बरेच काही उभे आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. हा विचार एका डोंगरावर सुचला. तो वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात आम्ही दोघे भाऊ, घरच्या लेकीसुना आणि नातवंडे असे नऊ जण वसईहून भीमाशंकरला गेलो होतो. निघताना धाकट्या भावाने माझ्या पिशवीत एक कागद ठेवला. “दादा, सवडीने वाच आणि सही कर. घाई नाही,” असे तो म्हणाला, पण घाई होती, हे दोघांनाही ठाऊक होते.

कागद आमच्या बावखलाविषयीचा होता. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे खोल तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, उन्हाळ्यापर्यंत जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी गोडे ठेवते. समुद्र इतका जवळ असूनही वसईच्या वाड्यांत केळी आणि पानवेली पिकल्या, त्या ह्या बावखलांच्या जिवावर. आमच्या आजोबांच्या काळी त्यावर रहाट चाले. आता वाडी उरली नाही. विहिरीवर पंप आला, पुढे विहीरही वापरातून गेली. बावखल तेवढे राहिले, दोघा भावांच्या समाईक नावावर. भावाचे म्हणणे असे की ते मातीने भरून घ्यावे आणि त्या जागेवर त्याच्या मुलाने घर बांधावे. मुलगा लग्नाचा आहे, भाड्याच्या खोलीत राहतो. मागणीत लोभ नव्हता, गरज होती. म्हणूनच मला नाही म्हणणे जड जात होते, आणि हो म्हणणेही.

मंचर आणि घोडेगाव मागे टाकून आमची गाडी डिंभे धरणाच्या कडेने चढू लागली, तसा रस्त्यावरचा उजेड बदलला. उघड्या माळांची जागा झाडीने घेतली. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. पुणे, ठाणे आणि रायगड ह्या तीन जिल्ह्यांत ते पसरले आहे. एवढ्याशा जागेत किती तऱ्हेची वने नांदावीत? कोकणाकडच्या खालच्या उतारांवर पानगळीचे रान आहे. त्यात साग आहे, ऐन आहे. माथ्यावर, जिथे पावसाळ्यात महिनोन् महिने ढग मुक्काम ठोकून असतात, तिथे अंजनी, जांभूळ, आंबा, हिरडा ह्यांचे दाट, सदा हिरवे छत. मधल्या चढांवर कारवीची गच्च झुडपे. ही कारवी सात-आठ वर्षे नुसती वाढत राहते, एका पावसाळ्यात डोंगरभर निळीजांभळी फुलते, बी टाकते आणि मरून जाते. आम्ही गेलो ते तिच्या फुलण्याचे वर्ष नव्हते. नातीने विचारले, “मग आत्ता ती काय करतेय?” मी म्हणालो, “वाट पाहतेय.” ह्याहून शास्त्रीय उत्तर मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्त भीमाशंकरच्या वाटेने रानात शिरलो. सोबतीला जवळच्याच वाडीतले एक महादेव कोळी समाजाचे वृद्ध गृहस्थ होते. कमरेला कोयता, पायांत झिजलेल्या वहाणा, आणि चालणे असे की पाचोळा वाजू नये. वाटेत त्यांनी भेकराचे खूर दाखवले, बिबट्याने नखे घासलेले झाडाचे खोड दाखवले. शीळ घालणाऱ्या कस्तूर पक्ष्याची ओळख करून दिली; तो माणसासारखी शीळ घालतो, म्हणून मुले त्याला उत्तर देऊ लागली. पावसाळ्यात इथल्या कुजक्या लाकडांवर रात्री उजळणारी बुरशी येते, हेही त्यांनी सांगितले.

मग त्यांनी एकदम हात वर केला. आम्ही थांबलो. उंच फांदीवर शेकरू बसले होते. तांबूस तपकिरी पाठ, फिकट पोट, अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. पुढच्या दोन पायांत फळ धरून ते मन लावून कुरतडत होते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि हे अभयारण्य त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याचा सारा संसार शेंड्यांवरून शेंड्यांवर चालतो. काटक्यापानांची घरटीही तो एकाहून अधिक बांधतो, आणि ती अशा जागी, की दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडाव्यात. संकट आले तर पळायला वाट हवी. एक मोठे झाड पडले की त्याचा रस्ता तुटतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला वाटते, एवढ्या रानात एक झाड गेले तर काय बिघडले? वर राहणाऱ्याला विचारले पाहिजे.

भावाच्या नातवाला शेकरूची उडी पाहायची होती. ते हलेना, तेव्हा त्याने वाकून दगड उचलला. आम्हा मोठ्यांच्या ध्यानात येण्याआधी त्या वृद्धाने त्याचे मनगट हलकेच धरले. “हात आवर, बाळा. त्याचं घर हाये ते. आपुन पावनं.” रागावणे नाही, उपदेश नाही. मुलाने दगड खाली ठेवला. शेकरूने फळ संपवले आणि आपल्या वेळेला, आपल्या मर्जीने एक लांब झेप घेऊन ते पलीकडच्या झाडात नाहीसे झाले. मुलाला उडी दिसली ती दिसलीच.

तो दगड खाली ठेवतानाचा आवाज माझ्या कानांत राहिला. पिशवीतला कागद जड वाटू लागला.

विचार करता करता माझ्या लक्षात आले, की हे रान उरले आहे ते अशाच आवरलेल्या हातांमुळे. प्रश्न एवढाच, की माणूस हात आवरतो तो कशासाठी? कोणते कारण टिकते आणि कोणते टिकत नाही?

पहिले कारण भय. सह्याद्रीत गावोगावी देवराया आहेत. १९७० च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी त्यांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व लोकांपुढे आणले. देवराईतली वाळकी काटकीही चुलीत घालायची नाही, घातली तर देव कोपेल, अशी पक्की समजूत. ह्या समजुतीला हसणारे आपण, पण तिने राखलेली झाडे भल्याभल्या योजनांना राखता आलेली नाहीत. तरीही भयाला पळवाटा असतात. देवाला कौल लावायचा, कौल मिळाला म्हणायचे, नारळ फोडून झाड तोडायचे. कित्येक ठिकाणी तर देवाचे जुने घुमटीवजा ठाणे पाडून सिमेंटचे मोठे देऊळ बांधण्याच्या खर्चासाठीच देवाची राई विकली गेली. जिच्यात देव राहत होता तीच देवासाठी तोडली! आपण ख्रिस्ती लोकांनी इथे बोट दाखवण्याचे कारण नाही. देवाच्या नावावर देवाचेच काही मोडण्याची कला सगळ्याच धर्मांच्या माणसांना येते.

दुसरे कारण कायदा. अभयारण्याचा कायदा नसता, तर हा डोंगर कधीच बंगल्यांनी भरून गेला असता. त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण कायदा पाटीपाशी सुरू होतो आणि पाटीपाशी संपतो. शिवाय तो सर्वांना सारखा लागत नाही. रानावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या माणसाचा तिथला हक्क लेखी मान्य व्हायला २००६ सालचा वनहक्क कायदा यावा लागला. आणि सुट्टीच्या दिवशी येणारा प्रवासी, माझ्यासारखाच, चिवड्याची पिशवी कड्यावरून भिरकावून निघून जातो. कायदा हात धरतो खरा. पण धरणारा दूर गेला की हात मोकळा होतो.

तिसरे कारण उपयोग. आजकाल हेच अधिक ऐकू येते. वने पाऊस धरून ठेवतात, माती राखतात, औषधी देतात, म्हणून ती वाचवा. हे सारे खरे आहे. नागफणीच्या कड्यावर उभे राहून मी ते डोळ्यांनी पाहिले. कड्याच्या पूर्वेचे पाणी भीमेला मिळते, पंढरपूरला चंद्रभागा होऊन पुढे कृष्णेत जाते. पश्चिम उतारावरचे पाणी ओढ्यांनी उल्हास नदीत उतरते, आणि उल्हास येते ती वसईच्या खाडीत. म्हणजे ह्या रानात मुरलेल्या पावसाचा काही वाटा आमच्या गावाच्या उंबऱ्याशी येऊन समुद्राला भेटतो! मला मोठा आनंद झाला; पण लगेच भावाचे शब्दही आठवले. “दादा, आता नळाला सूर्या धरणाचे पाणी येते. बावखलाचा उपयोग काय?”

उपयोगाच्या युक्तिवादाचे हेच दुबळेपण आहे. ज्या दिवशी उपयोग संपतो, त्या दिवशी तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो. जे केवळ उपयोगासाठी राखले, ते दुसरी सोय होताच टाकण्याजोगे ठरते. बावखलाचे झाले ते उद्या नदीचे होईल, परवा रानाचे होईल. आणि वाचकहो, थोडे धाडस करून विचारतो, घरातल्या वृद्धांचे काय होईल? त्यांचा तरी आता काय उपयोग आहे? मी सत्तरी ओलांडली आहे, म्हणून हा प्रश्न मला निव्वळ तात्त्विक वाटत नाही.

मग उरते काय? आपल्या पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर एक गोष्ट आहे, तिच्यावरून माझी नजर वर्षानुवर्षे घसरत गेली होती. देवाने प्रकाश, पाणी, वनस्पती, पक्षी, जनावरे निर्माण केली आणि प्रत्येक वेळी ते चांगले आहे असे पाहिले. हे सगळे मनुष्याच्या निर्मितीपूर्वी. म्हणजे त्यांचा चांगुलपणा आपल्या उपयोगावर अवलंबून नव्हता. उपयोग करून घेणारा अजून जन्मालाच आला नव्हता. पुढे मनुष्याला बाग दिली ती मशागत करण्यासाठी आणि राखण्यासाठी. त्या बागेत त्याला जो पहिला निर्बंध घातला, तो हात आवरण्याचाच होता: सर्व झाडांचे खा, एक सोड. पुढे लेवीय ग्रंथात तर जमिनीलाही शब्बाथ सांगितला आहे. सहा वर्षे पेरा, सातव्या वर्षी तिला विसावा द्या. कारवीची वर्षे मोजताना मला हे सातवे वर्ष आठवले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या पत्रात हेच निक्षून सांगितले, की पृथ्वीवर सत्ता दिली म्हणजे लूट करण्याची मुभा दिली, असा अर्थ शास्त्रातून काढणे चूक आहे.

थोडक्यात, हात आवरण्याचे चौथे कारण हे, की समोरची वस्तू माझ्याआधी होती, माझ्यावाचून चांगली होती, आणि तिला माझ्यानंतरही असण्याचा अधिकार आहे. हे भयातून येत नाही, कायद्यातून येत नाही, हिशेबातूनही येत नाही. त्याला आदर म्हणावे, की प्रीती म्हणावे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

ह्यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच घेतला. हात आवरणे ही भरल्या पोटाची चैन नाही काय? मला निवृत्तिवेतन मिळते. दोन दिवस रानात हिंडून ‘झाडे तोडू नका’ म्हणायला माझे काय जाते? रानात राहणाऱ्याने काय खावे? मी त्या वृद्धांना विचारले, तुमचे कसे चालते? ते म्हणाले, भातशेती थोडी, बाकी बाळहिरडा. हिरड्याची कोवळी फळे गोळा करायची, वाळवायची आणि विकायची. औषधांसाठी त्यांना मागणी असते. ह्या भागातल्या अनेक घरांचा वर्षाचा रोख पैसा तोच. “मग सगळी फळे काढता?” मी विचारले. ते हसले. “समदी कशी काढायची? काही झाडाला ठिवायची, काही पाखराला. अन् फांदी नाय मोडायची. फांदी मोडली का पुढल्या साली काय खानार?”

म्हणजे हात आवरणे म्हणजे हात लावूच नये, असे नव्हे. घ्यावे, पण सगळे घेऊ नये. फळ घ्यावे, फांदी ठेवावी. गरज असलेला माणूस हे करू शकत होता, आणि ज्यांना गरज नाही त्यांनीच झाडे मुळासकट नेली. तेव्हा आवर हा श्रीमंतीचा दागिना नाही. तो मापाचा प्रश्न आहे, आणि माप गरिबाच्याही घरी असते.

उतरत्या दुपारी आम्ही पायऱ्या उतरून देवळाकडे गेलो. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांतले एक. त्या दिवशी गर्दी बेताची होती. देवळाच्या आवारात, शनिमंदिरासमोर, एक प्रचंड घंटा टांगली आहे. वसईच्या माणसाने तिच्यासमोर थांबावे. ती आपल्याकडची आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला आणि तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर नेण्यात आल्या. एक वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे, एक इथे. मी लहान असताना आजी सांगे, “आपल्या घंटा डोंगरावर गेल्या.” त्या सांगण्यात एक सल असे. तो माझ्यातही थोडा उतरला होता.

त्या घंटेखाली उभा राहिलो तेव्हा मात्र वेगळेच काहीतरी मनात आले. त्या काळी जिंकलेली घंटा वितळवून तिच्या तोफा ओतणे, ही जगभरची रीत. घंटेचा धातू त्याला सोयीचा. ज्यांनी ती जिंकली, त्यांना तोफांची गरज नव्हती काय? होती. ती त्यांच्या देवाची नव्हती, त्यांच्या भाषेतली नव्हती. तरी कोणीतरी म्हणाले असेल, ही वाजते, हिला वाजू द्या. त्यांनी ती वाहून नेली, ह्याचे दुःख इतिहासात राहील. त्यांनी ती मोडली नाही, ह्याची कृतज्ञताही राहायला हवी. पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, ती घंटा अजून घंटाच आहे. त्यामागेही एक आवरलेला हात आहे, आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. शेजारी उभ्या असलेल्या भावाला मी हे बोलून दाखवले. तो काही बोलला नाही. पण परतीच्या वाटेवर त्याने कागदाविषयी विचारले नाही.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही दोघे बावखलाच्या काठी बसलो. पाणी काठोकाठ होते. मी म्हणालो, “ह्यावर सही करणार नाही.” त्याने विचारले, “मग पोराने राहायचे कुठे?” प्रश्न रास्त होता. दुसऱ्याच्या मुलाच्या छपराच्या मोबदल्यात आपले तत्त्व राखणे हा आवर नव्हे, तो अहंकार झाला. माझ्या घरामागे माझ्या वाट्याची कोरडी पट्टी आहे. म्हातारपणी विकून हाताशी चार पैसे असावेत, म्हणून ठेवलेली. ती मी पुतण्याच्या नावे केली. हे सांगताना माझा चांगुलपणा मिरवण्याचा हेतू नाही. आठवडाभर झोप नव्हती, आणि अजूनही दवाखान्याचे बिल आले की तिची आठवण होते. सांगायचे एवढेच, की आवरलेल्या हाताची किंमत कोणीतरी मोजावी लागते. ती दुसऱ्याने मोजावी, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने रानाविषयी न बोललेले बरे.

ह्याने वसई वाचली, असे मुळीच नाही. आमच्या बावखलाच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत. आमच्यानंतरची मुले काय करतील, हे मी सांगू शकत नाही. त्यांचे हात त्यांचे आहेत. पण त्या नातवाला मी परवा पाहिले. बावखलाकाठी खंड्या बसला होता. मुलाच्या हातात खडा होता. पुष्कळ वेळ तो तसाच उभा राहिला. मग खडा खिशात घालून घराकडे निघून गेला.

वाचकहो, आपणा प्रत्येकाच्या ताब्यात असे काहीतरी असतेच: एखादे झाड, एखादी विहीर, एखाद्याविषयी ठाऊक असलेली गोष्ट, घरातल्या दुबळ्यावर चालणारी सत्ता. ते आपण घेऊ शकतो, मोडू शकतो, आणि विचारणारा कोणी नसतो. झोपण्यापूर्वी आपण दिवसभरात काय केले ते आठवून देवापुढे ठेवतो. त्याबरोबर आज कुठे हात आवरला, हेही एकदा आठवून पाहावे.